यंत्राला बाळ म्हणू नये

गेल्या हिवाळ्यात एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने भरवलेल्या चर्चासत्रास आम्ही श्रोते म्हणून उपस्थित होतो. विषय नेहमीचा होता: तंत्रज्ञानाच्या युगातील संवेदना. नेहमीच्या विषयाला नेहमीचे वक्ते लाभले. मर्ढेकरांचे नाव आले, यंत्रयुगाची भयाणता आली, माणसाचे वस्तूकरण आले. मग वक्त्यांनी एक उदाहरण दिले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची रोबोंची स्पर्धा त्यांनी कधीतरी दूरचित्रवाणीवर पाहिली होती. सामना हरल्यावर एक मुलगा आपल्या यंत्राचा सांगाडा धरून रडत होता. आजी गेली तर मोबाइलवरून दोन फुले पाठवून मोकळी होणारी ही पिढी लोखंडासाठी मात्र अश्रू ढाळते, असा त्यावरचा त्यांचा शेरा. सभागृह हसले. (ते लोखंड नव्हते, ॲल्युमिनियम होते, पण ते असो.) आम्हीही हसलो. हसलो याची नोंद आधीच करून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात आमच्याही नावावर काही बाकी निघते.

आमचा परिचय एवढाच की आम्ही मराठी साहित्यात एम.ए. केले आणि पोटासाठी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात 'संवादकौशल्य' नावाचा विषय शिकवतो. साहित्याच्या अनेक पदवीधरांची आज हीच वाट आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्या खोलीची खिडकी वर्कशॉपच्या शेडकडे उघडते. त्या शेडच्या एका कोपऱ्यात दरवर्षी पंचवीस-तीस मुले-मुली आठ-नऊ महिने एका यंत्रासाठी खपतात. वर्गात ही मुले झोपतात. आम्ही त्यांना उठवत असू. हल्ली उठवत नाही.

ज्या स्पर्धेसाठी हे सारे चालते ती 'एबीयू रोबोकॉन'. आशिया-प्रशांत विभागातील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांच्या संघाने २००२ साली टोकियोत ती सुरू केली. आपल्याकडे दूरदर्शनच्या नावाने राष्ट्रीय फेरी होते आणि तिच्यातून देशाचा संघ पुढे जातो. साहित्याच्या माणसाने लक्ष द्यावे अशी गोष्ट या स्पर्धेत आहे: दरवर्षी यजमान देश आपल्या परंपरेतला एखादा खेळ, विधी किंवा कथा घेतो आणि तिचे नियम यंत्रांसाठी नव्याने लिहितो. २००८ साली पुण्यात बालेवाडीला ही स्पर्धा झाली तेव्हा विषय होता 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडी. एका यंत्राने दुसऱ्याला उचलायचे आणि वरच्या हंडीतले 'लोणी' काढायचे. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली, तेव्हा विषय पालकत्वाचा होता. २०२२ साली यजमानपद दिल्लीकडे होते आणि खेळ होता लगोरी. एका संघाच्या यंत्राने चेंडू मारून चळत पाडायची, त्याच्याच जोडीच्या यंत्राने ती पुन्हा रचायची आणि समोरच्याने त्यात खोडा घालायचा. गल्लीतला खेळ नियमपुस्तिकेच्या भाषेत वाचणे हा एक स्वतंत्र वाङ्मयीन अनुभव आहे. त्यावर कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता शब्दाची गोष्ट. आपल्या वर्तमानपत्रांनी आणि विज्ञानकथांनी 'रोबो'साठी 'यंत्रमानव' हा शब्द रूढ केला. कारेल चापेकने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले. त्यातले रोबो हाडामांसासारख्या द्रव्यातून घडवलेले माणसासारखे जीव होते, आणि मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ असा आहे. त्या रोबोंना 'यंत्रमानव' म्हणण्यातही अर्धी चूकच होती. आमच्या खिडकीसमोरच्या यंत्रात तर मानव नावालाही नाही. चौकोनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, खाली चार चाके, वर हवेच्या दाबावर पुढेमागे होणारा सिलिंडर, जिकडेतिकडे केबल टायने आवळलेल्या वायरींचे जुडगे आणि सहज सापडेल अशा जागी लाल रंगाचे आणीबाणीचे बटण. तोंड नाही, डोळे नाहीत, हात म्हणावा असा हातही नाही. मुले त्याला 'बॉट' म्हणतात, नाहीतर 'मशीन'. त्यांच्या सर्वनामांकडे आम्ही काही वर्षे कान देऊन आहोत. यंत्र नीट चालले की 'तो' असतो: "तो बरोबर वळला." बिघडले की 'हे' होते: "हे काय करतंय हे?" आणि चाचणीत सलग तिसऱ्यांदा एकाच जागी अडकले की कोणीतरी हमखास म्हणते, "ती रुसली." एकाच संध्याकाळी एका वस्तूची तिन्ही लिंगे होतात. मराठीला ही सोय आहे, आणि ती सोय ही मुले आमच्यापेक्षा चोख वापरतात.

परंतु आमचा मुद्दा पुढचा आहे. यंत्र 'तयार' होते तेव्हा त्याच्याविषयी त्या मुलांना काय वाटते? या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असते. प्राचार्यांच्या भाषणात, वार्षिक अंकात, वार्ताहराच्या बातमीत ते एकच उत्तर येते: आपल्या अपत्याकडे पाहून आई-बापाला वाटते तसे. 'आमचे बाळ.' त्या चर्चासत्रातील वक्त्यांनी ज्याची खिल्ली उडवली तेही हेच उत्तर होते. एका बाजूला कौतुकाची साखर, दुसऱ्या बाजूला उपहासाचे मीठ. पण पदार्थ तोच, आणि तो शिळा. आमचे म्हणणे असे की हे उत्तर त्या मुलांनी दिलेलेच नाही. आपण, म्हणजे भाषा शिकवणाऱ्यांनी, ते त्यांच्या तोंडी घातले आहे.

जे पाहिले ते सांगतो. यंत्र पहिल्यांदा पूर्ण खेळ खेळले ती रात्र आम्ही एकदा जवळून पाहिली. प्लायवूडवर रंग मारून उभारलेले सरावाचे मैदान, पहाटेचे दोन. यंत्र निघाले, वळले, उचलायचे ते उचलले, ठेवायचे तिथे ठेवले, थांबले. आम्हाला वाटले, आता आरोळी उठेल. कोणी काही बोलले नाही. मग संघनायक मुलगी म्हणाली, "परत लाव." परत लावले. पुन्हा लावले. दहा वेळा लावले, त्यात सात वेळा जमले. त्या रात्री त्या घोळक्यात जी भावना होती तिला आनंद म्हणता येणार नाही. तो संशय होता. जोवर यंत्र चालत नव्हते तोवर न चालण्याचे कारण शोधता येत होते: ग्रब स्क्रू सुटला, एन्कोडरची वायर तुटली, सोलनॉइड अडकला. आता ते चालत होते, आणि दहातल्या तीन वेळा का चालत नाही याचे कारण कोणाकडेच नव्हते. चालणाऱ्या वस्तूची भीती ही न चालणाऱ्या वस्तूच्या चिंतेहून वेगळी असते. ती आम्हाला तिथे प्रथम कळली.

'पूर्ण झाला' हे शब्द आम्ही तिथे कधी ऐकले नाहीत. मुले म्हणतात 'चालतोय'. पूर्णतेसाठी पूर्ण भूतकाळ न वापरता चालू वर्तमानकाळ वापरणे हे त्या वस्तूचे नेमके वर्णन आहे. ती आत्ता चालते आहे, उद्याचे कोणी सांगावे. यानंतर एक विचित्र निषेधाचा काळ सुरू होतो. इतके महिने ज्या वस्तूवर सगळ्यांचे हात होते तिला आता कोणी हात लावायचा नाही. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, वायरी 'नीट' करायच्या नाहीत, डाव्या बाजूच्या चौकटीला कोणीतरी तात्पुरती चिकटवलेली लाल टेप काढायची नाही, कारण ती लावल्यापासून चालतोय. साफसफाईला आलेल्या मावशींनाही तिथे झाडू मारायची परवानगी नसते. ज्याने सर्वांत जास्त काम केले तोच सर्वांत जास्त घाबरतो, आणि सुधारणा सुचवणाऱ्याकडे सगळे शत्रूसारखे पाहतात. यात वात्सल्य शोधणाऱ्याने शोधावे. आम्हाला आठवतो तो मुद्रणप्रतीवर शेवटचा हात फिरवून झालेला लेखक, ज्याला एक स्वल्पविराम बदलला तर अख्खा परिच्छेद कोसळेल असे वाटत असते.

आणि मग लाज. बघ्याला यंत्र दिसते. करणाऱ्याला दिसतात त्यातल्या तडजोडी. भोसरीतल्या कारखान्यातून करून आणलेला शाफ्ट मापात थोडा कमी भरला म्हणून त्याखाली घातलेली पत्र्याची चकती. तपकीर गल्लीत हवा तो मोटर ड्रायव्हर मिळाला नाही म्हणून बसवलेला दुसरा, जो दोन मिनिटांत तापतो. सामना साधारण तीन मिनिटांचा असतो. म्हणजे शेवटचे मिनिट हे त्या मुलाच्या दृष्टीने सामन्याचा भागच नसते. ते त्याच्या आणि त्या ड्रायव्हरमधल्या गुप्त व्यवहाराचे मिनिट असते. प्रेक्षागारातील चार हजार माणसे चेंडूकडे पाहत असताना तो एका काळ्या डबीकडे पाहत असतो. आपल्याला ठाऊक असलेला दोष जगापुढे चालत जातो आहे, ही भावना बाळाच्या उपमेत कुठे बसते? बाळाच्या दोषाची जबाबदारी दैवावर, कुळावर टाकता येते. इथे पत्र्याची चकती स्वतःच्या हाताने कापलेली असते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. यंत्र पंचवीस-तीस जण करतात, पण मैदानात जाता येते तिघांना. सोबत एक मार्गदर्शक आणि मागे मदतीला दोन-तीन जण. सामन्यापूर्वी यंत्र मांडायला एक मिनिट मिळते. उरलेले सारे पायऱ्यांवर बसतात. ज्या मुलीने सगळी वायरिंग केली ती पायऱ्यांवर, आणि चालवायला दुसराच, कारण त्याचा हात स्थिर. तिचे त्या यंत्राशी असलेले नाते कोणत्या नात्याच्या नावाने सांगायचे? आम्ही तिला एकदा विचारले. ती म्हणाली, "सर, मला तो लांबून ओळखूच येईना. एवढा छोटा दिसत होता." एवढेच. या वाक्यावर आमच्या विभागातील कोणीही कवितेच्या वर्गात एक तास बोलू शकेल. ते एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीने उच्चारले म्हणून ते साहित्याच्या हद्दीबाहेर राहिले.

या स्पर्धेचे मूळ शोधू गेल्यास वाट जपानच्या एनएचकेने १९८८ साली तेथील तंत्रमहाविद्यालयांसाठी सुरू केलेल्या स्पर्धेपर्यंत जाते. पहिल्या वर्षीचा विषय होता दोन कोरड्या विद्युतघटांवर माणसाला बसवून गाडी चालवण्याचा. त्यामागची कल्पना टोकियो तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांची. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मोरींचे नाव वेगळ्या संदर्भात ऐकलेले असते: १९७० साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला आणि त्यातून 'अनकॅनी व्हॅली' ही संकल्पना जगभर गेली. यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते तसतशी आपली आपुलकी वाढते; पण जवळजवळ माणूसच वाटू लागले की ती एकदम कोसळते आणि शिसारी येते, हा त्या आलेखाचा आशय. भयकथेवर, चित्रपटावर, हल्ली बोलक्या बाहुल्यांवर प्रबंध लिहिणारे सगळे हा आलेख काढतात.

त्या आलेखात डावीकडे, अगदी आरंभाजवळ, कारखान्यातील यंत्रभुजा आहे: माणसाशी साम्य जवळजवळ शून्य, म्हणून आपुलकीही जवळजवळ शून्य. आमच्या खिडकीसमोरची चौकट तिथेच बसायला हवी. तरीही पंचवीस माणसे तिच्याभोवती रात्ररात्र जागतात. मोरी चुकले असे आम्ही म्हणत नाही. ज्या माणसाने तो आलेख काढला त्यानेच पुढे विद्यार्थ्यांच्या हातात पाना देणारी स्पर्धा सुचवली, आणि यंत्रातही बुद्धतत्त्व पाहता येते असे मांडणारे एक पुस्तकही लिहिले. त्याला हे नक्कीच दिसत असणार. मुद्दा असा की तो आलेख पाहणाऱ्याचा आहे. करणाऱ्याचा आलेख अजून कोणी काढलेला नाही. करणाऱ्याची आपुलकी साम्यावर अवलंबून नसते. वस्तूच्या पोटात काय आहे हे आपल्याला किती ठाऊक आहे, यावर ती अवलंबून असते. म्हणूनच तिच्यात प्रेम आणि धास्ती वेगळी काढता येत नाहीत.

आणि हीच खोट आपल्या समीक्षेतही आहे, असा आमचा आरोप आहे. रससिद्धान्ताने सहृदयाची, म्हणजे आस्वाद घेणाऱ्याची, जगात तोड नाही अशी मीमांसा केली. कवीच्या बाजूने त्याने प्रतिभेची मीमांसा केली, म्हणजे आरंभाची. पाश्चात्त्यांनी आधी लेखकाचे चरित्र उकरले आणि मग १९६७ साली बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केला. आपण दोन्ही गोष्टी परीक्षेत लिहिल्या. मर्ढेकरांनी लयतत्त्व मांडले तेही कलाकृतीच्या घडणीबद्दल. या सगळ्यात, काम संपल्यावर कर्ता त्या वस्तूसमोर उभा राहतो तेव्हा त्याला काय होते, याविषयी फारसे शब्द नाहीत. आहे ते 'निर्मितीचा आनंद' आणि 'प्रसववेदना'. पहिला शब्द निबंधस्पर्धेतला, दुसरा पुरुष कवींनी उसना घेतलेला. आपल्याजवळ नाहीत ते शब्द ही मुले कुठून आणणार?

वाचकांपैकी कोणी 'फ्रँकेन्स्टाइन' पुढे करेल. जरूर करावी. वर्गात ती कादंबरी विज्ञानाच्या उद्दामपणाचे उदाहरण म्हणून शिकवली जाते. पण आधी वस्तुस्थिती पाहू. १८१८ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी लिहू लागली तेव्हा मेरी शेली अठरा वर्षांची होती, आणि तिचा व्हिक्टर हा इन्गोल्श्टाट विद्यापीठातील विद्यार्थी आहे. म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या प्रकल्पाचीच ही गोष्ट. काम पूर्ण होते, निर्मितीचा डोळा उघडतो, आणि व्हिक्टर काय करतो? खोलीतून पळून जातो. झोपायचा प्रयत्न करतो. पुढची सगळी अनर्थपरंपरा या पळण्यातून निघते. ब्रूनो लातूर (आडनावाचा आपल्या जिल्ह्याशी काही संबंध नाही) यांनी हे केव्हाच सांगून ठेवले आहे की व्हिक्टरचा गुन्हा निर्मितीचा नाही, निर्मितीला टाकून देण्याचा आहे. पॅरिसमध्ये १९८७ साली गुंडाळलेल्या एका वाहनप्रकल्पावर त्यांनी 'अरामिस' नावाचे अख्खे पुस्तक लिहिले, आणि त्यात त्या वाहनाला बोलते केले. आम्ही त्यांच्या म्हणण्यात एवढीच भर घालू इच्छितो की कादंबरीत नसलेले जे दृश्य आहे, पळून न जाणाऱ्या विद्यार्थ्याचे, ते आमच्या शेडमध्ये दरवर्षी घडते. ही मुले त्या पहिल्या रात्री पळत नाहीत. 'परत लाव' म्हणतात. यावर एकही मराठी कादंबरी नाही, आणि यंत्राने माणूस हरवला या आशयाच्या कवितांनी मात्र दिवाळी अंक भरून वाहतात.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला असा की हे सारे नोकरीसाठी चालते, रेझ्युमेतील एका ओळीसाठी. चालते, काही जणांचे चालतेही. पण ओळ मिळवायला पहाटे दोनला तिथे थांबावे लागत नाही. नाव यादीत असले की पुरते, आणि अशी नावे प्रत्येक यादीत असतात. दुसरा आक्षेप, की प्रेम यंत्रावर नसून जिंकण्यावर आहे. देशातून एक संघ पुढे जातो, देश यजमान असला तर दोन. बाकी सगळे हरतात. हरलेल्यांची भावना जर यंत्राबरोबर टिकत असेल तर ती जिंकण्याची भावना असू शकत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो आमच्याच मित्रांचा, डाव्या विचारांच्या मित्रांचा आहे. ते म्हणतात, ही तर वस्तुपूजा. भांडवलशाहीला असेच कामगार हवेत, फुकट जागणारे आणि वर त्याला ध्येय म्हणणारे. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. फुकट जागण्याची सवय पुढे कोणाच्या उपयोगी पडते ते उघड आहे. परंतु मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत परात्मतेविषयी जे लिहिले ते पुन्हा वाचावे. कामगाराला त्याच्याच हातची वस्तू परकी होते, हे दुःख तिथे आहे. नारायण सुर्व्यांना थोर म्हणणाऱ्या आपण सर्वांनी ते दुःख तोंडपाठ केले आहे. मग आमच्या शेडमधली वस्तू पाहावी. हिची कल्पना त्यांची, आरेखन त्यांचे, कापणे-जोडणे त्यांचे, चालवणे त्यांचे, तिची लाजही त्यांची. दोन-चार वर्षांनी हीच मुले एखाद्या मोटार कंपनीत दरवाज्याच्या बिजागरीवर किंवा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत परदेशी बँकेच्या एका पडद्यावर काम करतील, आणि आपण काय केले ते सबंध असे त्यांना कधी दिसणार नाही. त्यांच्या आयुष्यातील ही कदाचित शेवटची अखंड वस्तू आहे. तिला धरून कोणी रडला तर सभागृहाने हसण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढीही अपेक्षा गैर आहे काय?

बघ्यांच्या हळवेपणाविषयीही एक शब्द, नाहीतर आम्हीही त्याच पंक्तीत बसू. २०१८ च्या जूनमध्ये मंगळावरच्या धुळीच्या वादळात 'ऑपर्च्युनिटी' या फिरत्या यानाचा संपर्क तुटला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याची मोहीम संपल्याचे जाहीर झाले. तेव्हा त्या यानाचे म्हणून एक कारुण्यपूर्ण अखेरचे वाक्य जगभर फिरले. ते यानाने पाठवलेलेच नव्हते. आलेल्या आकड्यांचा एका पत्रकाराने आपल्या शब्दांत केलेला तो अनुवाद होता. लोक त्या वाक्यावर रडले. ज्यांनी ते यान पंधरा वर्षे हाकले त्यांचा कंठ दाटला असेलच, पण त्यांना ते आकडे पुरेसे होते. 'बाळ' हा शब्द असाच आहे. तो बघ्यांच्या सोयीसाठी केलेला अनुवाद आहे.

याची सर्वांत ठळक खूण म्हणजे स्पर्धेनंतर काय होते ती. यंत्र परत येते, काही दिवस कोपऱ्यात उभे राहते, आणि मग सुटे केले जाते. महागड्या मोटारी, व्हॉल्व्ह, बेअरिंगे पुढच्या वर्षीच्या यंत्रात जातात. चौकट उरली तर भंगारात. हे काम नव्या मुलांचे असते, पण आम्ही पाहिले आहे की जुनी मुले मुद्दाम येऊन बसतात. हातात ॲलन की घेऊन स्वतःही दोन-चार स्क्रू काढतात. त्यांच्या चेहऱ्यावर शोक असतो असे म्हणणे खोटे होईल. "हा बघ, हा इथे घासत होता," असे कोणी म्हणते आणि सगळे वाकून पाहतात. सामन्याच्या दिवशी न सापडलेले कारण महिन्याभराने सापडलेले असते, आणि त्या क्षणी ते विलक्षण खूश असतात. बाळाच्या बाबतीत हे दृश्य कल्पनेतही आणवत नाही. पेणच्या मूर्तिकाराशी तुलना करण्याचा मोह होतो, पण तीही पुरती लागू पडत नाही. मूर्ती पाण्यात जाते. ही वस्तू दुसऱ्या वस्तूत जाते. गेल्या वर्षीच्या यंत्राच्या पुढच्या डाव्या चाकाची मोटार पाच वर्षांपूर्वीच्या एका यंत्रातून आलेली होती. त्या मोटारीच्या बुडाला मार्करने लिहिलेली कोणाची तरी आद्याक्षरे अजून वाचता येतात.

आता आमची बाकी.

तीन वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागाचे संपादन आमच्याकडे होते. रोबोकॉन संघातील एका मुलाने दोन पाने लिहून दिली. यांत्रिकी शाखेचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा, मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकलेला, ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने आनंद. लेखात मोटारींची नावे, तारखा, कोणत्या रात्री काय तुटले याची टिपणे होती. शेवटाकडे दोन वाक्ये होती. शुद्धलेखन आमचे, शब्द त्याचे: 'डाव्या चाकाचे कपलिंग ढिले आहे हे मला आणि निखळलेल्या स्क्रूला एवढेच माहीत होते. तो सरळ गेला नाही तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही, लाज वाटली, आणि सगळे त्याला नावे ठेवायला लागले तेव्हा त्याची बाजू घ्यायला मला तोंड नव्हते.'

आम्ही ती वाक्ये खोडली. लेखाला भावनिक उंची नाही, असे आम्हाला वाटले. त्यांच्या जागी आम्ही आमच्या हाताने असे लिहिले की, रात्रंदिवस जपलेल्या आपल्या बाळाला पहिले पाऊल टाकताना पाहून सर्वांचे डोळे पाणावले. अंक निघाला. प्राचार्यांनी नेमके तेच वाक्य प्रकाशनाच्या भाषणात वाचून दाखवले. मुलगा समोर बसला होता. नंतर भेटला तेव्हा त्याने आम्हाला काही दोष दिला नाही. "सर, पण ते पाऊल नाही, चाक होतं," इतकेच म्हणाला आणि हसला.

त्याच्या मूळ लेखाची दोन पाने आमच्या कपाटात आहेत. यंदाच्या संघातील एक मुलगी मागच्या महिन्यात ती मागायला आली होती. कोणत्या सामन्यात कोणते कपलिंग वापरले होते, ते तिला पाहायचे होते. खोडलेल्या ओळी तिने खिडकीच्या उजेडात धरून वाचल्या, वहीत काहीतरी उतरवून घेतले आणि पाने परत दिली.